परवाना विचारण्याची भीड

आपल्याकडे घरांत नवें माणूस यावयाचें म्हणजे त्याची चौकशी झाल्यावांचून त्याला उंबरठा ओलांडूं देत नाहींत. मुलीसाठीं स्थळ आलें तर चार ठिकाणीं विचारपूस होते. आजारपणांत डॉक्टर बोलवावयाचा तर त्याच्या पाटीवरील पदव्या आपण दोनदां वाचतों. दूध घालणाऱ्या गवळ्याचें माप घरांतील बायका स्वतः पारखून घेतात. परंतु ज्याच्या हातीं आपण घराच्या भिंतींतून खेळणारी वीज सोपवितों, त्या मनुष्यास मात्र "तुमच्याजवळ परवाना आहे काय?" असा प्रश्न सहसा कोणी करीत नाहीं. खिशांत टेस्टर आणि हातांत पक्कड दिसली, कीं आपली खात्री पटते. मीं स्वतः तेंच केलें. मुलांच्या दाखल्यांवर आणि गुणपत्रकांवर सह्या करण्यांत ज्याचा जन्म गेला, त्या माणसानें हें करावें ही गोष्ट सांगतांना आज मला संकोच वाटतो. परंतु ती सांगितल्यावांचून या विषयाला तोंड फुटावयाचें नाहीं.

आमचा वाडा साताऱ्यास, शहराच्या जुन्या भागांत आहे. दोन चौक, मागें आड, पुढें ओसरी, आणि आज त्यांत अकरा माणसें नांदतात. वाड्यांत वीज आली ती आजोबांच्या हयातींत. त्या वेळच्या कारागिरांचें काम पाहिलें म्हणजे अजूनही आदर वाटतो. सागवानी पट्ट्यांना खांचा पाडून त्यांत तारा बसविलेल्या. तारांना रबराचें वेष्टन आणि त्यावर सुताचें विणलेलें आवरण. वरून लाकडी झांकण स्क्रूंनीं पक्कें केलेलें. वळणावर पट्ट्या अशा कातरून जुळविलेल्या, कीं हें काम सुताराचें कीं विजेच्या कारागिराचें असा प्रश्न पडावा. काळीं गोल बटनें, चिनी मातीचे फ्यूज. परंतु हें सगळें होतें दिव्यांसाठीं. प्रत्येक खोलींत एक दिवा, दिवाणखान्यांत एक पंखा, आणि पुढें रेडिओ आला तेव्हां त्याच्याकरितां दोन भोकांचें एक सॉकेट. तिसरें भोंक, म्हणजे जमिनीशीं जोडलेल्या तारेचें, त्या व्यवस्थेंत नव्हतेंच.

त्याच तारांवर आम्हीं पुढें काय काय चढविलें, याचा हिशेब एकदां मीं पाटीवर मांडून पाहिला आणि मलाच भय वाटलें. फ्रिज, मिक्सर, कपडे धुण्याचें यंत्र, इस्त्री, नातवंडांचे संगणक. दर वेळीं कोणीतरी येऊन जुन्या तारेला नवी तार पिळून जोडी, वर काळी पट्टी गुंडाळी आणि जाई. आंतलें रबर मात्र वाळत चाललें होतें. जुन्या रबराचा धर्म असा आहे कीं, तें जागेवर आहे तोंवर शाबूत दिसतें. तार हलविली कीं त्याचा भुगा होऊन हातांत येतो.

अशा घरांत दोन वर्षांपूर्वीं मार्गशीर्षांत आम्हीं गीझर बसविला. तोंपर्यंत न्हाणीघरांत तांब्याचा बंब होता. परंतु वहिनींचे गुडघे दुखूं लागले, बंबाला जळण घालण्यासाठीं वांकणें त्यांना होईना, आणि दादांनीं पुण्याहून गीझर मागविला. तो जोडावयाचा कोणी? माझा एक जुना विद्यार्थी आळींत विजेचीं कामें करीत असे. मुलगा सरळ, बोलण्यांत नम्र, हाताला चलाख. मीं त्याला बोलावलें. त्यानें पाया पडून कामाला हात घातला, न्हाणीघर पाहिलें, चौक पाहिला आणि म्हणाला, "सर, अर्थिंगला खड्डा घ्यावा लागेल. चौकांतली थोडी फरशी काढावी लागेल."

ती फरशी आजोबांनीं बसविलेली. मीं म्हटलें, "फरशीला हात लावावयाचा नाहीं. त्यावांचून होत असेल तर पाहा."

तो क्षणभर थांबला. "करतां येतं, सर. बरेच जण करतात," असें म्हणाला. त्यानें १६ अँपिअरचा एक नवा एम.सी.बी. बसविला, सॉकेट बसविलें, गीझर जोडला. संध्याकाळीं पाणी तापलें. त्यानें १,२०० रुपये सांगितले, ते मीं दिले. वहिनींनीं शिरा केला होता, तो त्यानें खाल्ला. "परवाना आहे कां रे?" हा प्रश्न माझ्या मनांत आला नाहीं असें नाहीं. पण ज्याला आपण शिकविलें त्याला दाखला मागावयाचा, म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखविण्यासारखें वाटलें. शिवाय त्याच्याजवळ परवाना नसता तर मग काय करावयाचें, याचें उत्तर मजपाशीं नव्हतें. म्हणून मीं विचारलें नाहीं.

दीड वर्षाहून अधिक काळ कांहीं झालें नाहीं. गेल्या वर्षीं श्रावणांत, चार दिवस एकसारखी झड लागलेली असतांना, पहाटे वहिनी न्हाणीघराशीं गेल्या आणि तेथूनच त्यांनीं विचारलें, "भाऊजी, वीज गेली आहे का? गीझरचा दिवा लागत नाहीं." मी ओसरीवर होतों, माझ्या डोक्यावर दिवा जळत होता. मीं म्हटलें, "वीज आहे. तो लहान दिवा गेला असेल. पाणी तापलं आहे का पाहा." हे शब्द माझे आहेत. वहिनींनीं उंबऱ्याबाहेर उभें राहूनच आंत हात घालून पितळेच्या तोटीला लावला. एक चमत्कारिक आवाज आला, किंकाळीही नव्हे, आणि त्या मागें बोळांत फेकल्या गेल्या.

पुतण्या त्यांना धरावयास धांवला, तेव्हां धाकटी सून ओरडली, "हात लावूं नका, आधीं मेन बंद करा!" सुदैवानें वहिनींचा हात तोटीपासून सुटला होता. तो सुटला नसता, तर त्यांना धरणाराही त्यांच्याबरोबर अडकला असता. अशा वेळीं आधीं वीज तोडावी, आणि तें शक्य नसेल तर कोरड्या लांकडानें माणसाला दूर लोटावें. हें आम्हां शिकविणाऱ्यांना पाठ असतें. सुचलें मात्र तिला. मेन स्विच जिन्याखालच्या कोनाड्यांत, आणि त्याच्यापुढें लोणच्याच्या बरण्या. त्या बाजूला सारतांना एक फुटली. मी मोजीत नव्हतों, परंतु तेवढ्या वेळांत पुष्कळ कांहीं होऊं शकलें असतें.

वहिनींच्या पायांत रबरी सपाता होत्या आणि त्या ओल्या फरशीवर नव्हत्या, म्हणून त्या वांचल्या. दोन बोटांचीं टोकें भाजलीं, कोपर सुजलें. डॉक्टरांनीं हृदयाचा आलेख काढून एक दिवस रुग्णालयांत ठेवून घेतलें. घरीं आल्यावर त्यांनीं पहिली गोष्ट केली ती ही, कीं माळ्यावरून बंब खालीं काढावयास लावला.

धाकटी सून बँकेंत नोकरीस आहे. बँकेचें विजेचें काम पाहणाऱ्या परवानाधारक ठेकेदाराचा पत्ता तिनें आणला. पन्नाशीचे गृहस्थ, बरोबर एक तरुण तारतंत्री. (औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून 'वीजतंत्री' आणि 'तारतंत्री' असे दोन निरनिराळे अभ्यासक्रम आहेत. संस्कृतांत 'तंत्री' म्हणजे वीणेची तार. त्यामुळें 'तारतंत्री' हा शब्द वाचला कीं मला दर वेळीं एकच तार दोनदां छेडल्यासारखी वाटते. पण शब्द सुटसुटीत आहे, आणि आतां रुळलाही आहे.) त्यांनीं न मागतां आपापलीं कार्डें पुढें ठेवलीं. त्यांवर नांव, छायाचित्र, क्रमांक आणि मुदत संपण्याची तारीख होती. मीं तीं वाचूं लागलों तेव्हां ठेकेदार म्हणाले, "वाचा, गुरुजी. कोणी वाचत नाहीं."

मग त्यांनीं गीझरच्या सॉकेटांत टेस्टर घातला. एका भोकांत तो पेटावयास हवा. तो तिन्ही भोकांत पेटला. सॉकेट उघडल्यावर आंत बोटाच्या पेराएवढा तारेचा एक तुकडा दिसला. त्यानें न्यूट्रलचें टोक आणि अर्थिंगचें टोक एकमेकांस जोडलें होतें. 'बरेच जण करतात' तें हेंच.

त्या तुकड्याचा अर्थ त्यांनीं मला समजावून सांगितला, तो येथें सविस्तर देतों, कारण अशा तारेच्या तुकड्यावर आज किती घरें उभीं आहेत हें देवच जाणे. वीज फेजच्या तारेनें येते, यंत्रांतून काम करून न्यूट्रलच्या तारेनें परत जाते. अर्थिंगची तार या रोजच्या येण्याजाण्यांत नसते. यंत्राच्या धातूच्या अंगांत चुकून वीज उतरली, तर तिला जमिनींत जाण्यासाठीं ठेवलेली ती वेगळी वाट आहे. आमच्या वाड्यांत ती वाटच नव्हती. म्हणून तिसऱ्या टोकाला न्यूट्रलशीं बांधून टाकलें होतें. न्यूट्रल जोंवर अखंड आहे तोंवर यांत कांहीं बिघडलेलें दिसत नाहीं. परंतु बोळांतल्या लाकडी पट्टीखालीं न्यूट्रलचा एक जुना, पिळून केलेला सांधा होता. चार दिवसांच्या ओलीनें तो सुटला. आतां फेजमधून आलेली वीज गीझरच्या तापणाऱ्या तारेंतून पुढें गेली, तिला परतीची वाट सांपडली नाहीं, आणि ती त्या तुकड्यावरून अर्थिंगच्या टोकांत, तेथून गीझरच्या टाकींत, नळींत आणि तोटींत येऊन उभी राहिली. लहान दिव्याच्या दोन्ही बाजूंस सारखाच दाब, म्हणून दिवा विझलेला. म्हणजे दिवा लागत नव्हता तो वीज नाहीं म्हणून नव्हे. ती परत जाऊं शकत नव्हती म्हणून. आणि मी ओसरीवरून सांगत होतों, दिवा गेला असेल!

"पण एम.सी.बी. कां पडला नाहीं?" दादांनीं विचारलें. हा प्रश्न कोणीही विचारील. एम.सी.बी. काय किंवा जुना फ्यूज काय, हे तारांचे रक्षक आहेत, माणसांचे नव्हेत. सोळा अँपिअरचा एम.सी.बी. सोळांच्या वर प्रवाह गेल्यावर जागा होतो. माणसाच्या हृदयाची गति बिघडावयास मात्र एका अँपिअरचा दहावा हिस्साही पुरे होतो. माणसांसाठीं निराळें उपकरण आहे, त्याला आर.सी.सी.बी. म्हणतात, पुष्कळ जण त्याला ई.एल.सी.बी. म्हणून ओळखतात. तें जाणारी वीज आणि परत येणारी वीज यांचा ताळा पाहतें, आणि दोहोंत ३० मिलिअँपिअरचा, म्हणजे अँपिअरच्या शेंकड्यांत तीन हिश्श्यांचा, फरक पडला कीं निमिषार्धांत सगळें बंद करतें. घरगुती जोडणीसाठीं नियमानें ठरविलेली मर्यादा हीच. आमच्या एका शेजाऱ्यांकडे हें उपकरण होतें; तें पावसाळ्यांत वारंवार पडूं लागलें म्हणून त्यांनीं एकाला बोलावून तें वगळून टाकलें, आणि 'आतां त्रास गेला' म्हणून ते समाधानांत आहेत.

त्या तरुण तारतंत्र्यानें मेगर नांवाचें यंत्र काढलें. त्यानें तारेंत ५०० व्होल्टांचा दाब घालून वेष्टनाचा विरोध मोजतात. तो निदान एक मेगओहम भरावा अशी अपेक्षा आहे. आमच्या मागच्या चौकांतील तारांवर कांटा जवळ जवळ शून्यावरच राहिला. मग त्यांनीं मला एक भागाकार करावयास सांगितला. गीझर २,००० वॅटचा, दाब २३० व्होल्ट. भागाकार ८·७ अँपिअर. जुन्या काळचीं पातळ तीन तारांचीं दिव्यांचीं वेटोळीं हें ओझें पहाटेपासून सकाळपर्यंत रोज वाहत होतीं. हा भागाकार मीं वर्गांत मुलांकडून अनेकदां करून घेतला होता. घराच्या भिंतीवर करून पाहिला नव्हता.

या कामीं कायदा काय सांगतो, हेंही मीं त्यानंतरच पाहिलें. घरांतील किंवा दुकानांतील विजेचें नवें काम, वाढ, फेरफार किंवा दुरुस्ती ही राज्य शासनाचा परवाना असलेल्या ठेकेदारानेंच करावयाची. तिच्यावर सक्षमतेचें प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाची देखरेख असावयाची. आणि प्रत्यक्ष हात लावणाऱ्या माणसाजवळही परवाना असावयाचा. ही गोष्ट कांहीं कालची नव्हे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत ती होती, आणि आज केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षाविषयक विनियमांतही ती आहे. दिवा बदलणें, पंखा बदलणें, फ्यूज किंवा बटन बदलणें एवढ्याला मात्र सूट आहे, तीही मूळ व्यवस्थेची शक्ति आणि स्वरूप बदलत नसेल तर. घरांतल्या हौशी मंडळींनीं आपल्या पराक्रमाची सीमा येथेंच आंखून घ्यावी. दिव्यांच्या तारेवर गीझर चढविणें हें बटन बदलणें नव्हे.

ठेकेदारांनीं चार दिवसांनीं अंदाजपत्रक लिहून दिलें. त्यांत दिव्यांना दीड चौरस मिलिमीटरची तार, सॉकेटांना अडीचची, गीझरला स्वतंत्र चारची, प्रत्येक ठिकाणीं तिसरी, हिरवी तार, प्रमाणचिन्हाचा माल, आणि काम संपल्यावर चांचणीचा लेखी अहवाल, त्यावर त्यांची सही आणि परवान्याचा क्रमांक. एकूण ७८,००० रुपये. कागद दादांच्या हातांत दिला, तेव्हां ते बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "वाड्याची किंमत तरी एवढी उरली आहे काय?"

दादांचा दुसरा आक्षेप अधिक विचार करण्यासारखा होता. ते वकिलीच्या कचेरींत आयुष्यभर कारकून होते, त्यामुळें खटले त्यांच्या लक्षांत राहतात. ते म्हणाले, "परवाना असला म्हणजे चूक होत नाहीं काय? उपहार चित्रगृहांत काय झालं?" दिल्लीच्या उपहार चित्रगृहाची ती हकीकत वाचकांपैकीं पुष्कळांस आठवत असेल. १३ जून १९९७ रोजीं, 'बॉर्डर' चित्रपटाचा खेळ चालू असतांना, तळमजल्यावरील वीजमंडळाच्या ट्रान्स्फॉर्मरपासून आग लागली. धूर जिन्यानें वर चढला, आणि ५९ माणसें गुदमरून मेलीं. त्याच दिवशीं सकाळीं तो ट्रान्स्फॉर्मर दुरुस्त केलेला होता, आणि तो दुरुस्त करणारीं माणसें रस्त्यावरून हाक मारून आणलेलीं नव्हतीं, वीजमंडळाचींच होतीं. तारेच्या टोकाला बसवावयाची टोपी दाबयंत्रानें घट्ट आंवळावयाची, ती त्यांनीं ठसा आणि हातोडा वापरून बसविली. सांधा सैल राहिला, ठिणग्या उडत राहिल्या, आणि संध्याकाळीं पांचच्या सुमारास तार निसटून ट्रान्स्फॉर्मरच्या अंगाला भिडली. तेथें भोंक पडलें, आंतलें तेल वाहूं लागलें आणि पेटलें.

दादांचें म्हणणें खरें होतें. हाताखालीं योग्य यंत्र नसेल, तर शहाण्या माणसाचाही सांधा सैल राहतो. परंतु मला त्या हकीकतींत दुसरी गोष्ट दिसली. त्या सकाळीं कोण आलें, कोणती टोपी बदलली, कशानें ठोकली, हें सर्व न्यायालयापुढें उलगडून मांडतां आलें, कारण त्या कामामागें नोंदी होत्या आणि नांवें होतीं. आमच्या न्हाणीघरांतील तारेच्या तुकड्यामागें काय होतें? मीं दिलेले १,२०० रुपये. त्यांची पावतीही नव्हे. उद्यां वहिनींचें बरें-वाईट झालें असतें, तर तो तुकडा कोणी आणि कोणाच्या सांगण्यावरून घातला, हें मी सांगितलें तरच कळलें असतें. आणि मी सांगितलें असतें कीं नाहीं, याची आज मला खात्री देववत नाहीं. ठेकेदारांना मीं जेव्हां विचारलें, "टोप्या कशानें बसवितां?" तेव्हां त्यांनीं पेटींतून दाबयंत्र काढून दाखविलें आणि दादांकडे पाहून हंसले.

दुकानाचा प्रश्न त्याच वेळीं निघाला. पुतण्यानें ओसरीच्या एका बाजूस फराळाच्या जिनसांचें दुकान काढलें आहे. पिठें दळण्याची लहान गिरणी, चकलीचें यंत्र, एक मोठा शीतपेटारा. आजवर हें सर्व घराच्याच मीटरवर चालत होतें, आणि आतां तारा बदलतच आहेत तर दुकानाकडे एक जाड तार ओढून द्या, असें त्याचें म्हणणें. ठेकेदारांनीं साफ नाकारलें. घरगुती जोडणीची वीज धंद्यासाठीं वापरणें हें २००३ च्या विद्युत कायद्याच्या १२६ व्या कलमाप्रमाणें अनधिकृत वापरांत मोडतें, आणि पकडलें गेल्यास लागू होणाऱ्या दराच्या दुप्पट दरानें आकारणी होते. किती दिवस चाललें तें ठरवितां आलें नाहीं, तर मागच्या बारा महिन्यांची. पुतण्याला वाटलें, हे गृहस्थ अडवणूक करतात. तो दुसऱ्या एकाला बोलावूनही आला. तो दुसरा म्हणाला, "दोन तासांत ओढून देतो." त्याला परवाना विचारला तेव्हां "उद्यां आणून दाखवतो" म्हणून गेला, तो अद्याप आलेला नाहीं. शेवटीं दुकानाची वेगळी तीन फेजची जोडणी घेतली. गिरणीच्या मोटारीच्या अंगाला एक नव्हे, दोन स्वतंत्र अर्थिंगच्या तारा जोडल्या. अशा मोटारीला त्या दोन असाव्या लागतात, म्हणजे एक तुटली तरी दुसरी राहते. दुकानांत दिवसभर परकीं माणसें येतात, लहान मुलें त्या यंत्राला हात लावतात. घरच्या माणसांच्या जिवाचा धोका आपण पत्करूं म्हणावें, तरी गिऱ्हाइकाच्या जिवाचा पत्करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

काम सतरा दिवस चाललें. त्या काळांत आम्हीं दोनदां मेणबत्त्या लावून जेवलों. सागवानी पट्ट्या निघतांना दादांना फार वाईट वाटलें. दिवाणखान्यांतली एक पट्टी, काळ्या बटनासकट, आठवण म्हणून जागेवर ठेवली आहे, पण तींतली तार ठेकेदारांनीं दोन्ही टोकांना तोडून टाकली, आणि तसें करीपर्यंत ते हलले नाहींत. मेन स्विच जिन्याखालून ओसरीवर आणला. प्रत्येक खटक्यावर कोणत्या खोलीचा तो, हें मीं माझ्या हस्ताक्षरांत लिहिलें. इन्व्हर्टरचा खटका निराळा, हें तांबड्या शाईनें लिहिलें; कारण मेन बंद केला तरी त्याच्याकडून येणारी वीज चालूच राहते, आणि हें घरांतल्या निम्म्या माणसांना ठाऊक नव्हतें. आर.सी.सी.बी. वर एक लहान बटन असतें, तें दाबलें कीं उपकरण पडलें पाहिजे. महिन्यांतून एकदां तें दाबावयाचें काम थोरल्या नातवाकडे आहे. तो संकष्टीच्या दिवशीं दाबतो, म्हणजे विसरत नाहीं.

चौकांतली फरशी अखेर काढावीच लागली. सगळी नव्हे, दोनच फरशा. ज्यांच्यासाठीं मी अडून बसलों होतों, त्या दोन. भिंतीपासून दीड मीटर राखून खड्डा घेतला, त्यांत जस्ताचा मुलामा दिलेली अडीच मीटर लांब लोखंडी नळी उभी पुरली, भोंवतीं कोळसा आणि मीठ घातलें, वर पाणी घालण्यासाठीं नरसाळें आणि झांकण. जमीन सुकली कीं अर्थिंग दुबळें होतें, म्हणून उन्हाळ्यांत तेथें पाणी घालावें लागतें. वहिनी तुळशीला पाणी घालून झालें कीं तांब्यांत उरलेलें त्या नरसाळ्यांत ओततात.

माझा विद्यार्थी मध्यंतरीं येऊन गेला. वहिनींच्या पाया पडला, ओसरीच्या पायरीवर बसला, चहाला हात लावला नाहीं. बऱ्याच वेळानें म्हणाला, "सर, खड्ड्याचं मी सांगितलं होतं."

"होय, सांगितलं होतंस," मीं म्हटलें.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत तो एक वर्ष होता. वडील गेले आणि शिक्षण सुटलें, हें मला त्या दिवशीं कळलें. मीं त्याला म्हटलें, राहिलेलें पुरें कर. आणि तोंपर्यंत एखाद्या परवानाधारक ठेकेदाराच्या हाताखालीं काम कर, एकट्यानें घेऊं नकोस. "बघतो, सर," म्हणाला. एका लहान मुलाचा आणि आईचा संसार त्याच्या अंगावर आहे. हाताखालीं काम करून मिळेल तें आणि एकट्यानें घेतलेल्या कामांत मिळेल तें, यांतला फरक मलाही दिसतो.

गेल्या महिन्यांत आळींतल्या एका गृहस्थांनीं मला रस्त्यांत थांबविलें. त्यांनाही गीझर बसवावयाचा होता. "तो तुमचाच विद्यार्थी ना? कसा आहे?" मीं सांगितलें, "मुलगा सरळ आहे, हात चांगला आहे. पण त्याच्याजवळ परवाना नाहीं." मग आमच्या ठेकेदारांचा क्रमांक एका कागदावर लिहून दिला. त्यांनीं तो घडी करून खिशांत ठेवला.

परवां सकाळीं त्यांच्या दारांत माझ्या विद्यार्थ्याची दुचाकी उभी दिसली. मी पुढें जाऊन परत फिरलों. आंत गेलों, तेव्हां तो न्हाणीघरांत शिडीवर होता. मीं त्याला खालीं उतरावयास सांगितलें, आणि अर्थिंगची तार कोठें जाते तें मला दाखव, असें म्हटलें.